सातवी काठी

डोंगर कधी खोटं बोलत नाही, असं हिमकड्यांचा निरीक्षक नझरशो पंचवीस वर्षं सांगत आला होता. त्याचे अहवाल मात्र बऱ्याचदा चहा पिता पिता अंदाजाने भरलेले असत.

बर्फ वितळू लागला की रोज दुपारी चौकीतून दुर्बिणीने उतारावर रोवलेल्या, मीटरचे आकडे असलेल्या सहा काठ्या वाचायच्या आणि बर्फाची उंची वायरलेसवर गावात कळवायची. एका काठीने जरी तीन मीटर दाखवलं, तरी हिमकडा कोसळायच्या आत गावातली खालची आळी रिकामी करायची. त्या आळीत त्याची बहीण दावलतमो राहायची.

सोमवारी काठ्या सात दिसल्या. मंगळवारी सातवी बरीच खाली सरकली होती.

"दादा, सरकारने सहाच दिल्यात," वायरलेसवरची ओल्मोस म्हणाली. "चष्मा तरी बदला, नाहीतर चहात काय घालता ते तरी!"

बुधवारी उतारावर सहाच होत्या. नझरशोला हायसं वाटलं. सहज त्याने दुर्बीण गावाकडे वळवली.

बहिणीच्या कोरड्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांच्या वर, सातवी काठी उभी होती. तीनच्या आकड्याखाली ती दिसतच नव्हती, बर्फात पुरल्यासारखी. दावलतमो तिच्या खालून बादली घेऊन गेली.

"ओल्मोस, आळी रिकामी कर. तीन मीटर."

"कुठली काठी, दादा?"

"सातवी."

नझरशोने त्या दिवसाचा अहवाल लिहायला घेतला.

फॉर्मवर रकाने सहाच होते.