मधला आकडा

“...म्हणजे उत्तर दोन आणि पाचच्या मधे,” सून मोठ्याने म्हणाली आणि पेन थांबवून बसली.

पलंगावर भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. “वरून वाजवून काय बघतेस? कलिंगड आहे का ते? मधला एक आकडा आत टाक. खरं-खोटं लगेच बाहेर पडेल.”

सुनेने डोळे मिटून ऐकून घेतलं. मग एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक दहा, यात एक्सच्या जागी तीन टाकला. आले उणे दोन. हवं होतं शून्याहून मोठं. “मधे नाही. दोनच्या अलीकडे, नाहीतर पाचच्या पलीकडे,” ती पुटपुटली.

हे रोजचंच होतं. सासूबाईंची शाळा वजाबाकीपाशी सुटलेली. एक्स म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी त्याचाच उद्धार केला असता. पण मुलगा कारखान्यातून यायचा, बूट काढता काढता बायकोला उदाहरण मोठ्याने वाचायला लावायचा, आणि ती इथे अडकली की हेच बोलायचा. कलिंगडासकट. ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं.

कारखान्यातल्या अपघातात तो गेला. महिना उलटला नाही तोच सासूबाईंनी सुनेपुढे बारावीचं पुस्तक आदळलं.

“आई, काळीज आहे का दगड?” लेक म्हणाली. “वहिनीला रडू तरी दे.”

“रडून बारावी होत नाही.”

खरं कारण सासूबाईंनी कुणाला सांगितलं नाही. ते वाक्य त्याचं होतं, आणि सून चुकल्याशिवाय ते तोंडातून काढायला निमित्त मिळत नव्हतं.

आज दुकानात सुनेच्या क्लासच्या बाई भेटल्या. “सून हुशार आहे हो तुमची.”

“हुशार कसली? मोठं-लहानच्या चिन्हाची ती गणितं. रोज तोंडावर पडते.”

“असमानता?” बाईंना हसू आलं. “काहीतरीच काय. वर्गात इतरांना तीच तर समजावते. कित्येक महिन्यांत तिची एक चुकली असेल तर शपथ.”

सासूबाई तिथून निघाल्या त्या तणतणत. मला खेळवते? घरी गेल्यावर चांगली झाडते. रस्ताभर शब्द जुळवून झाले. जिन्याच्या वळणावर मात्र पाय थबकले. ते वाक्य चालू असताना सून कधी कागदाकडे बघतच नसे, डोळे मिटून ऐकत असे.

संध्याकाळी सुनेने वही उघडली. “...म्हणजे उत्तर दोन आणि पाचच्या मधे,” ती म्हणाली आणि थांबली.

पलंगावरून काहीच आलं नाही. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाई उठून जवळ आल्या होत्या. आयुष्यात कधी कुणापुढे चूक कबूल न केलेल्या त्या बाईने सुनेच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“सरक. आज मी चुकते, तू रागव,” त्या म्हणाल्या. “माझ्याच तोंडून ऐकून ऐकून मनातला त्याचा आवाज पुसट व्हायला लागलाय गं.”