डावीकडून की उजवीकडून

न दिसलेले दिसले म्हणून सांगणे हा दोषच. परंतु मायेपोटी घडलेल्या दोषाचा निवाडा कोणी करावा? जमिनीत पुरलेले सुरुंग डोळे मिटले की दिसतात, अशी एका परिचारिकेची छावणीत ख्याती होती. सुरुंग निकामी करणाऱ्या एका सैनिकाशी तिचा विवाह झाला, आणि प्रत्येक कामगिरीपूर्वी तो तिला फोन करू लागला. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या सुरुंगापाशीही त्याने विचारले, "बोल, डावीकडून जाऊ की उजवीकडून?"

तिला रडू कोसळले. "अहो, मला काहीच दिसत नाही! तुमच्यावर जीव जडला तेव्हापासून डोळे मिटले की तुम्हीच दिसता. तुमचा धीर खचेल म्हणून नऊ वर्षं तोंडाला येईल ते सांगत आले."

"ठाऊक आहे गं. पहिल्याच खेपेला तू खुशाल उजवीकडे धाडलंस, आणि सुरुंग नेमका तिथेच निघाला! तेव्हापासून दोन्ही बाजू मीच तपासतो."

"अगंबाई! मग विचारता कशाला?"

"तुझा आवाज ऐकला की हात थरथरत नाहीत."

सायंकाळी तो घरी परतला, तेव्हा तिने ते दोन्ही हात कृतज्ञतेने कपाळी लावले. असे हात आणि असा आवाज परस्परांना चिरकाल लाभोत.