परवान्याचा शेवटचा वर्ग

सभागृहात पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चोवीस रिकाम्या होत्या. पंचविसाव्या खुर्चीवर मिस यूला प्रायोलो पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. वय बहात्तर. आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली.

थर्मन गँटने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं. आता आणखी कोणी येणार नव्हतं.

"मिस यूला, खरं सांगू का?" तो म्हणाला. "या वर्गाची आता गरजच उरलेली नाही. कायदा बदलला. साउथ कॅरोलायनात बंदूक लपवून बाळगायला आता परवाना नको, परीक्षा नको. कपड्याखाली लावा आणि चालू पडा."

"ठाऊक आहे. म्हणूनच आले."

"म्हणजे?"

"पूर्वी बंदूकवाला निदान तुमच्यासारख्याच्या हाताखालून गेलेला असायचा. आता शेजारी बसलेल्याजवळ काय आहे, देव जाणे. भीती वाटते हो. शिकवाल ना?"

थर्मनने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. पोलिसातली नोकरी संपल्यावर अठरा वर्षं त्याने हा वर्ग चालवला होता. कधीकाळी खुर्च्या शेजारच्या अग्निशमन केंद्रातून मागून आणाव्या लागत. गेल्या दोन महिन्यांत मात्र काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. आज कोणी आलं नाही तर कायमचं कुलूप लावायचं, असं त्याने सकाळीच बायकोला सांगितलं होतं.

"शिकवीन की," तो म्हणाला. "आणि आलात त्याबद्दल आभारी आहे."

एका बाईसाठी त्याने पंचवीस जणांना शिकवावं तसं शिकवलं. कायदा सांगितला, पिस्तूल खोलून दाखवलं. मिस यूला नम्रपणे ऐकत होती, पण मधूनच जांभई दाबत होती. त्याने बंदूक अंगावर लावायच्या चामड्याच्या खोळींचं खोकं उघडलं तेव्हा मात्र ती खुर्ची पुढे ओढून बसली.

"हे सगळं अंगावर? इतक्या ठिकाणी?"

"ज्याची त्याची सवय."

"आणि वरून कळत नाही?"

"कळू न देणं हीच तर खुबी."

"मग ज्याला कळतं, त्याला कशावरून कळतं?"

आपली बंदूक कोणाला दिसू नये म्हणून बिचारी विचारतेय, असं थर्मनला वाटलं. त्याने मनापासून सांगितलं. माणूस चालताना एक हात आखडून धरतो. खाली पडलेलं उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकतो. गर्दीत एकच बाजू सांभाळत राहतो.

तिने सगळं पिवळ्या वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "चालून दाखवा बघू."

थर्मन एकेक खोळ लावून त्या रिकाम्या सभागृहात येरझाऱ्या घालू लागला. मिस यूला डोळे बारीक करून बघत होती.

"मेलं काही दिसत नाही!" ती हसली. "तुम्ही चालताय की तुमचा कोट चालतोय, तेवढंही धड कळेना."

दुपारी तिने घरून आणलेल्या उकडलेल्या शेंगा आणि केक पुढे ठेवला. शेंगा सोलता सोलता ती पुन्हा पुन्हा त्याचे आभार मानत होती. "तुमच्यासारखं हात न राखता शिकवणारं कोण असतं आजकाल?" थर्मनने केकचे दोन तुकडे जास्तच खाल्ले.

जेवण झाल्यावर तो तिला गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. पन्नासपैकी सात गोळ्या लागल्या. एक तर शेजारच्या लक्ष्याला भोक पाडून गेली.

थर्मनने लक्ष्याचा कागद उतरवून भोकं पुन्हा मोजली. पूर्वी त्याने तिला सरळ नापास केलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. आता त्याच्या हातात काहीच नव्हतं. ती इथून निघून थेट बंदुकीच्या दुकानात गेली असती, तरी तिला कोणी अडवलं नसतं.

"मिस यूला, रागवू नका," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही बंदूक बाळगू नका. तुमच्या हातून भलत्यालाच लागेल. परवाना कोणी मागत नाही म्हणून मी खोटं बोलणार नाही."

ती रडेल किंवा भांडेल, या तयारीने तो उभा होता. मिस यूलाने कानांवरची आवाज अडवणारी टोपणं काढून त्याच्या हातात ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "नाही बाळगत."

"वाईट वाटलं?"

"छे! तुम्ही जे दिलंत ते पुष्कळ आहे. रविवारी आमच्या चर्चला या. सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचेत मला."

घरी आल्यावर थर्मन थेट स्वयंपाकघरात गेला. "एकच विद्यार्थीण आली," तो बायकोला म्हणाला, "आणि तिचंही मन मोडून पाठवलं." बायको म्हणाली, "ती बोलावतेय ना? मग जा. अठरा वर्षांत तुला कोणी बोलावून आभार मानलेत का?"

रविवारी त्याने इस्त्रीचा कोट चढवला आणि दहा मिनिटं आधीच तो चर्चला पोहोचला. पायऱ्यांवर लोकांची रांग होती. दारात मिस यूला पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून स्वागताला उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती पोटाशी धरत होती, पाठीवरून हात फिरवत होती, कोणाला घाईने पुढे जाऊ देत नव्हती. म्हातारे, तरुण, आडदांड बाप्ये, सगळे तिच्या मिठीतून हसत आत जात होते.

थर्मनची पाळी आली. "आलात!" म्हणत तिने दोन्ही हात पसरले. इतक्या मायेने त्याला कित्येक वर्षांत कोणी जवळ घेतलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"तुमचे किती उपकार मानू, मिस्टर गँट," ती मिठी न सोडता त्याच्या कानात पुटपुटली, "आता ती काखेतली बंदूक गाडीत ठेवून या बरं. सकाळपासून ही सातवी सापडली."