लाखेचा थेंब

लेकीने बाबांची जुनी लेन्स अडॅप्टरने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली आणि रिंगवरचा लाखेचा थेंब ब्लेडने खरवडायला घेतला. “राहू दे तो,” स्टुडिओतल्या खुर्चीतून बाबा म्हणाले. “फोकस करताना अंगठ्याला लागला की थांबायचं.” ती खुर्ची आणि कॅमेऱ्याचा स्टँड त्यांनी पूर्वीच जमिनीला स्क्रूने जखडले होते. कॅमेरा स्टँडवर लावून लेकीने रिंग फिरवली आणि थेंबाशी थांबली. स्क्रीनवर बाबांच्या पापण्यांचे केस मोजून घ्यावेत! “बघून फोकस करायला काय झालं होतं?” “ज्याला दिसतं त्याने बघावं.” “तुमचे डोळे तर स्टुडिओ सोडल्यावर गेले ना?” “तुम्हाला तेव्हा सांगितलं, एवढंच.” पदवीच्या दिवशी तिला खिडकीपाशी फोटो हवा होता, बाबांनी खेकसून इथेच बसवलं होतं. भिंतीवरच्या फोटोत तिचे रुसून फुगलेले गाल लख्ख दिसत होते. “तुझा पदवीचा फोटो कसा आलाय गं?” बाबांनी विचारलं. “छान. हसतेय मी.”