कोरमाला एक कमी

"पुढच्या फाटकावर माणूस बसवलाय, आत्या. मागच्या दाराची चावी दे," दिनानाथ स्वयंपाकघरात शिरत हळूच म्हणाला.

बायजाबाईंनी जिताडा माशाच्या कालवणाखालची आच कमी केली.

वाशीच्या त्या बंगल्यात रावसाहेबांनी आपल्या गटाचे सगळे आमदार, दिनानाथसकट, सकाळपासून कोंडून ठेवले होते. सगळे सत्ताधारी पक्षाचेच, पण मुख्यमंत्र्यांशी रावसाहेबांचा उभा दावा. विरोधकांनी आधीच सभात्याग केलेला. ही मंडळीही फिरकली नाहीत, तर विधानसभेत कोरम, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, होणार नव्हता. आणि आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस.

"आपलं बिल आजच घेणार हायेत," दिनानाथ म्हणाला. "कोरमाला एकच आमदार कमी हाय. मी पोचलो का काम सुरू."

नव्या शहरासाठी बायजाबाईंचं शेत गेलं होतं, मिठागरही गेलं होतं. त्याबदल्यात घरासाठी भूखंड देणारं ते बिल. दोन लेक, दोन सुना, सहा नातवंडं, आणि घर दोन खोल्यांचं. ज्यांना आपण रांधून वाढतोय तेच आपल्या पोटावर पाय देतायत, या विचारानं सकाळपासून त्यांचं डोकं भणभणत होतं.

"रावसायबांना कललं तं तुजं तिकीट जाल रं."

"जाऊ दे. गाव मोठं का तिकीट?"

बायजाबाईंनी कमरेची चावी काढून भाच्याच्या हातावर ठेवली. नाक्यावर गाडी उभी हाय, म्हणत तो सटकला.

थोड्याच वेळात रावसाहेब दारात उभे. "दिनानाथ कुठंय?"

"संडासात हाय, सायब. पोट बिघडलंय त्याचं."

बायजाबाईंनी चावी नसलेली कंबर पदरानं झाकली. रावसाहेब गेले तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी फोन वाजला. रावसाहेबांनी ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"काय झालं, सायब?"

"कोरम झाला. तुमचं बिल समितीकडे पाठवलं. म्हणजे कायमचं गाडलं. मुख्यमंत्र्यांना आज तेवढंच साधायचं होतं. कोरम झाला नसता तर ते पुढच्या अधिवेशनात घेता आलं असतं, म्हणून तर आम्ही इथं दडून बसलो होतो."

बायजाबाई पुढे झाल्या. "आनि दिना? तो गप बसला?"

"गप कशाला बसेल? समितीकडे पाठवायचा ठराव त्यानंच मांडला, बाई. उद्या मंत्री म्हणून शपथ घेतोय."