सोबतीची अट

"तू खिडकीकडं बस," सोनबा म्हणाला.

"वारं तुमाला लागाय पायजे. तुमी बसा," सारजा म्हणाली.

"मला काय करायचंय वाऱ्याचं. सरक आत."

इंदापूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी हलली. दर सोमवारी ही जोडी बघायची कंडक्टर दादासोला आता सवय झाली होती. "आबा, लग्नानंतरचं फिरायचं आता उरकताय व्हय?" तिकीट फाडत तो म्हणाला. मागचे दोघे-तिघे हसले. सारजाने पदर सावरला, पण ते बोलणं तिला आवडलं.

सोनबाचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं होतं. फुप्फुसावरच्या आवरणाला कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी ते आवरण सोलून काढलं. आता त्या जागेवर मशीनने किरणांचे शेक द्यायचे होते. शेक राहिले तर दुखणं परत उठेल, असं डॉक्टर सारजासमोरच म्हणाले होते. पण सोनबा अडून बसला.

"एकदा कापून घेतलं, बास झालं. आता भाजून घ्यायचं न्हाय मला."

सारजा रडली, भांडली, अन्नावर रुसली. सोनबा ढिम्म.

मग एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. असलं बोलणं घरातल्या पुरुषाशीच व्हायचं. सारजा बाकावर बसून राहिली. बाहेर आल्यावर सोनबा तिच्याजवळ येऊन बसला.

"शेक घेतो," तो म्हणाला. "पर एक अट हाय. दर खेपंला तू संगं यायचं. तितं काय काय करत्यात, समदं बघायचं."

"येते की. डॉक्टर काय म्हणलं?"

"म्हणलं, बायकूचं ऐकत जा."

आपला रुसवा कामी आला, असं सारजाला वाटलं. माणूस मध्येच शेक सोडून पळायला नको, एवढा एकच घोर तिला उरला.

भिगवण गेलं. उजवीकडे उजनीचं पाणी लांबवर चमकत होतं. सारजाला मुंबईची खोली आठवली.

सोनबा तेव्हा सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात, ॲस्बेस्टॉस मिसळायच्या खात्यात होता. संध्याकाळी दारात यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा. "आलं पिठाच्या गिरणीतलं भूत," ती म्हणायची, आणि तो मुद्दाम तिच्या गालाला गाल घासायचा. लोणी भापकरला तिच्या माहेरी मेंढरं होती. लोकर धुण्याआधी कोरडीच काठीने झोडायची, नाहीतर धूळ आत धरून बसते, ही तिथली रीत. सारजाने तीच नवऱ्याच्या कपड्यांना लावली. उंबऱ्यात बसून ती सदरा झोडायची. उतरत्या उन्हात भुगा वर उठायचा आणि हळूहळू तिच्या केसांवर येऊन बसायचा. शेजारणी नाक धरून आत पळायच्या. ती ओव्या म्हणत बसायची. एवढं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही.

"आठवतंय का वो, तुमच्या सदऱ्याला किती झोडायची मी?" ती म्हणाली. "मागं तुमी डॉक्टरला सांगत हुता, त्येबी कान देऊन ऐकत हुतं. लगीच माझ्याबी छातीचा फोटू काढाय लावला."

"सारजे, ते सोड," सोनबा म्हणाला. "पाणी बघ किती हाय यंदा."

पुण्यात धर्मशाळेत मुक्काम, शुक्रवारी परत. सोनबा रोज लहान पोरासारखा उत्साहाने दवाखान्यात शिरायचा. कुठल्या नळाला गोड पाणी, दूध कुठं गरम मिळतं, सगळं सारजाला दाखवायचा. सिस्टरला सांगून तिला काचेपलीकडच्या टीव्हीसमोर बसवायचा. ती बघायची, तर हा मशीनखाली निवांत पडलेला.

"बघितलंस? चिमटासुदिक न्हाय," बाहेर येऊन तो म्हणायचा. छातीवरच्या जांभळ्या रेघा दाखवायचा. "शाई हाय नुस्ती." ऑपरेशनच्या व्रणावर तिचा हात नेऊन ठेवायचा. "कशी भरून आलीया जखम. लोक उगंच भ्यात्यात."

सिस्टरलाही तो सांगायचा, "ही आमची सारजा. जरा भित्री हाय, पर गुणाची हाय."

"भित्रं कोण ते ठावं हाय मला," सारजा म्हणायची, आणि सिस्टर मान खाली घालून कामाला लागायची.

पुढे पुढे त्याला घास गिळवेना. दुधात कुस्करलेली भाकरी उतरतानाही डोळ्यांत पाणी यायचं. "ठसका लागला," तो म्हणायचा. एकदा तर सारजाच म्हणाली, आज ऱ्हाऊ द्या, उद्या जाऊ. तर तो तिच्या आधी चपला घालून उभा. जिना चढताना हल्ली तिलाच धाप लागायची. जागरणानं होतंय, असं तिने मनाशी धरलं होतं. सोनबा मात्र दर पायरीला तिच्यासाठी थांबायचा.

आणि एका शुक्रवारी शेवटचा शेक झाला.

इंदापूरला उतरल्यावर दोघं कँटीनमध्ये चहाला बसली. सारजाचा आनंद पोटात मावत नव्हता. सोनबाचे शेक तिने तडीस नेले होते. त्याने अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

"पोरासारखं हट्टी तुमी, पर ऐकलंत माझं," ती म्हणाली. "आता सोमवारी लोणीला जाऊ. देवाला नारळ फोडू, दोन दिस माझ्या म्हायारात ऱ्हाऊ."

"सोमवारी पुण्यालाच जायचंय."

"आता कशापायी? तुमचं तर संपलं की."

सोनबाने बशी खाली ठेवली. चार लोकांत त्याने कधी तिचा हात धरला नव्हता, आज धरला.

"माझं संपलं," तो म्हणाला. "सोमवारी तुला दाखल करायचंय, सारजे."