शेजारची सीट

ठाण्यातल्या सामंतांच्या कंपनीत नवं हेलिकॉप्टर हवेत कसं वागेल, ते आधीच कॉम्प्युटरवर तपासून देत. १९९४ साली तिथल्या उत्तरा बर्वेने एका नव्या हेलिकॉप्टरच्या अहवालात लिहिलं, की बाजूने जोराचा वारा आला तर या हेलिकॉप्टरची शेपटी पायलटच्या ताब्यात राहणार नाही.

"बाई, डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्याच्या वर कधी गेलायत का?" सामंत सगळ्या ऑफिससमोर हसले. त्यांनी ते पान फाडलं आणि नव्या पानावर 'पूर्ण सुरक्षित' असं लिहून खाली स्वतः सही ठोकली.

उत्तराने त्याच दुपारी राजीनामा दिला आणि फाडलेल्या पानाची आधीच काढून ठेवलेली झेरॉक्स हेलिकॉप्टरच्या पायलटला नेऊन दिली.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी शीळफाट्याजवळच्या मैदानावर पाहुणे जमले होते, वारा सुटला होता. सामंत हार घालून पुढेच उभे होते. पायलट हेल्मेट काखेत मारून सरळ त्यांच्यासमोर आला.

"सर, सही तुमची आहे. माझ्या शेजारी बसा. तुम्ही बसलात तरच उडवतो."

सामंतांनी हार काढून हातात घेतला.



"अहो, आज माझी चतुर्थी," ते म्हणाले. "उपाशीपोटी नको."